शेजारी आपणहून विचारेपर्यंत: रोजच्या वागण्यातून ख्रिस्ताची साक्ष

चाळीत, सोसायटीत किंवा गावात जिथे एखाददुसरंच घर ख्रिस्ती असतं, तिथे त्या घराकडे सगळ्यांचं लक्ष असतं. बाई रविवारी साडी नेसून कुठे जाते, पोरं गणपतीत येतात का, दुकानदाराची उधारी किती, हे शेजाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणजे साक्ष चालूच असते, द्यायची ठरवा किंवा ठरवू नका. ती नीट कशी द्यावी याची ही पद्धत आहे. पत्रकं वाटणं, घरसभा आणि माइक हा वेगळा विषय, तो इथे घेतलेला नाही.

आधार पेत्राच्या पहिल्या पत्रातला, ३:१५. तिथला क्रम पुष्कळदा उलटा केला जातो. तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा आणि ते सौम्यपणे द्या, असं पेत्र सांगतो. आधी प्रश्न, मग उत्तर. फ्रान्सिस्कन संघाचा संस्थापक असिसीच्या फ्रान्सिसने १२२१ च्या आपल्या नियमावलीत मुस्लिमांमध्ये जाणाऱ्या संघातल्या बंधूंना दोन वाटा सांगितल्या. पहिली, वादविवाद न करता सर्वांच्या सेवेत राहावं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे लपवू नये. दुसरी, देवाची इच्छा दिसेल तेव्हा वचन सांगावं. हा लेख मुख्यतः पहिल्या वाटेचा आहे. दुसरीची तयारी शेवटी येईल.

आधी देणी चुकती करा

दिसेल असं चांगलं काम सुरू करण्यापूर्वी हे उरका, नाहीतर पुढचं सगळं ढोंग ठरतं. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो की वेदीपाशी आठवलं, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर.

एक कागद घ्या आणि दोन याद्या करा. पहिली पैशांची: किराणावाल्याची उधारी, सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स, मित्राकडून 'दोन दिवसांत देतो' म्हणून घेतलेले पैसे, कामवाल्या मावशींचा राहिलेला पगार. मावशींचा पगार सगळ्यात आधी. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे राहू नये असं लेवीय १९:१३ सांगतं आणि थकवलेली मजुरी ओरडते असं याकोब ५:४. पगाराची तारीख ठरवा आणि पाळा, सुट्ट्या आधीच बोलून घ्या, बोनस त्यांच्या सणाला द्या. दिवाळीला द्यायचा बोनस नाताळपर्यंत थांबवला की त्यात तुमची सोय दिसते, प्रेम नाही.

दुसरी यादी भांडणांची. पार्किंग, गच्चीवरचं पाणी, भावाबरोबरचा जमिनीचा बांध. माफी मागताना तीनच गोष्टी बोला: काय केलं, ते चुकलं, आता काय करणार. 'पाटील साहेब, परवा पार्किंगवरून मी आवाज चढवला. चुकलं माझं. आजपासून गाडी माझ्याच खुणेत लावतो.' त्यात 'पण तुम्हीसुद्धा' नको. 'प्रभूने मला दाखवलं म्हणून आलो' हेही नको, त्याने माफीचं प्रवचन होतं. समोरच्याने लगेच हात पुढे केला नाही तर थांबा. गाडी खुणेतच लावत राहा.

हे सगळं घरालाही लागू आहे, आणि खरं सांगायचं तर तिथेच पोल उघडी पडते. पतीचा किंवा पत्नीचा विश्वास वेगळा असेल तर १ पेत्र ३:१ चा सल्ला घ्या: शब्दांवाचून, वागण्याने. उशीवर वचनांच्या चिठ्ठ्या ठेवू नका. भांडी घासा. आणि रिक्षाच्या मागे 'येशू तारतो' रंगवलं असेल तर मीटरने चला.

मदत आणि आमंत्रण यांची गाठ बांधू नका

महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाच्या मदतीकडे संशयाने पाहिलं जातं, आणि त्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी अन्न दिलं, अनाथ मुलं सांभाळली. त्याच काळात पोटासाठी बाटल्याचा आरोपही चिकटला. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. ते धर्मनिरपेक्ष चालवण्याचा शब्द होता. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या आणि १८९३ मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक मुलींना पालकांनी काढून नेलं. रमाबाईंची बाजू घ्या किंवा सल्लागारांची, शिकण्यासारखं एकच आहे: आश्रय देणारा हात आणि प्रार्थनेला बसवणारा हात एकच दिसला की बाहेरच्याला दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

म्हणून नियम कडक ठेवा. रेशनच्या पिशवीत पत्रक नाही, वचनाचं कार्डही नाही. एखादं घर कर्जात, आजारात किंवा दुःखात असेल तर त्या काळात चर्चचं आमंत्रण तुम्ही द्यायचं नाही. ते सावरले, तुमच्या मदतीवर अवलंबून राहिले नाहीत, की मग मैत्रीतून द्या. त्यांनी स्वतःच विचारलं तर गोष्ट वेगळी. फोटो काढायचे नाहीत, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकायचं नाही. 'प्रार्थनेसाठी विनंती' या नावाखाली शेजाऱ्याचा आजार चाळीस घरांत पोचतो आणि तिथून फिरून त्याच्याच दारात येतो.

पैसे द्यायचे तर शक्यतो थेट हॉस्पिटलच्या किंवा शाळेच्या खात्यात भरा आणि पावती त्या घराला द्या. उसने म्हणून देताना मनात ते दान समजूनच द्या. परत मागावे लागतील इतकी रक्कम असेल तर देऊ नका, कारण त्यात मैत्री आणि साक्ष दोन्ही जातात. जमणार नसेल तर पहिल्याच दिवशी स्वच्छ 'नाही' म्हणा. 'बघतो, प्रार्थना करतो' म्हणून महिना लटकवणं वाईट.

जेवणाच्या डब्याचं गणित वेगळं आहे. ऑपरेशन किंवा मृत्यूनंतर पहिले तीन-चार दिवस सगळी बिल्डिंग डबे आणते, निम्मं अन्न वाया जातं. तिसऱ्या आठवड्यात नातेवाईक परतलेले असतात आणि कोणी फिरकत नाही. तुमचा डबा तेव्हा सुरू करा. आठवड्यातले दोन वार ठरवून घ्या, म्हणजे त्या दिवशी त्या घरात स्वयंपाकाची काळजी नसेल. आधी विचारा: पथ्य काय, कांदा-लसूण चालतो का, जैन असतील तर कंदमुळं नाहीत, उपवास कोणत्या वारी. डबा परत घेण्याची अपेक्षा नसलेल्या भांड्यात द्या. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, त्यामुळे स्टीलचा डबा गेला की त्या थकलेल्या बाईला परतफेडीसाठी काहीतरी करावं लागतं.

ज्याच्यावर तुमची सत्ता चालते त्याच्यापुढे विश्वासाचा विषय तुम्ही काढू नका. साहेबाने हाताखालच्या माणसापुढे, शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे, डॉक्टरने रुग्णापुढे, घरमालकाने भाडेकरूपुढे नाही. तो माणूस 'हो' म्हणेल, पण ते 'हो' कशाला असेल ते तुम्हाला कधीच कळणार नाही. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारल्याशिवाय काहीच नाही: संडे स्कूल नाही, गोष्टींचं पुस्तक नाही, गाडीतून नाताळच्या कार्यक्रमाला नेणंही नाही.

सण, प्रसाद, वर्गणी

इथे सगळ्यात जास्त माणसं दुखावली जातात, तीही दोन मिनिटांत.

प्रसादाबद्दल ख्रिस्ती लोकांचं एकमत नाही. पौलाने १ करिंथकर १०:२७-२८ मध्ये पुढ्यात वाढलेलं चौकशी न करता खा म्हटलं, आणि हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका असंही म्हटलं. तुमच्या घरात काय करायचं ते सणाच्या आधी ठरवा, दारात उभं राहून नाही. मुलांनाही सांगून ठेवा. घेणार असाल तर हात धुऊन, उजव्या हातात, आदराने घ्या. घेणार नसाल तर नकार पदार्थाला द्या, माणसाला नको: 'काकू, प्रसाद म्हणून आम्ही घेत नाही, राग मानू नका. पण तुमच्या हातचे मोदक एकदा असेच करून द्या, मी चार खाईन.' यापुढे स्पष्टीकरण नको, मूर्तिपूजेवर तर एक शब्दही नको. सगळ्यात वाईट म्हणजे हसून घेणं आणि नंतर कचऱ्यात टाकणं. ते कोणीतरी पाहतंच.

शेजाऱ्यांच्या गणपतीला बोलावलं तर जा. चपला बाहेर काढा, बसा, आजीची चौकशी करा, मुलांसाठी खाऊ न्या. हार-फुलं नेलीत तर ती पूजेसाठी आणली असा अर्थ होतो, म्हणून फळं बरी. आरतीला शांत उभं राहिलात तर कोणी जबरदस्ती करत नाही. मोबाइल मात्र बाहेर काढू नका. मंडळाच्या वर्गणीचा प्रश्न आला की रक्तदान शिबिर, वैद्यकीय मदत, मुलांच्या स्पर्धा अशा एखाद्या कामासाठी म्हणून द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. पैशाइतकंच हाताने केलेलं मोजलं जातं: विसर्जनाच्या दिवशी रस्त्यावर गाड्या वळवायला माणूस लागतोच.

नाताळचा फराळ ही संधी आपल्या हातची. करंज्या, शंकरपाळी, चिवडा, केक यांचं ताट शाकाहारी घरी जाणार असेल तर तळणीचं तेल नवीन घ्या. मासे तळलेल्या तेलात करंजी तळली तर वास लपत नाही, आणि लपला तरी तो विश्वासघात आहे. केक बिनअंड्याचा करा. चारशे ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, अडीचशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम लोणी, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि लागेल तसं दूध, एवढ्यात साधारण एक किलोचा केक होतो. सुकामेवा रममध्ये नाही, संत्र्याच्या रसात भिजवा. मार्शमेलो आणि जेलीच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून बनतं, त्या ताटातून वगळा. ताटावर चिठ्ठी: 'अंडं नाही, दारू नाही, तेल नवीन.' काही वर्षी २५ डिसेंबर मार्गशीर्षात येतो आणि गुरुवारचे उपवास चालू असतात, म्हणून कालनिर्णय पाहून ताट द्या.

कॅरल गायला निघालात तर रात्री दहाच्या आत परता. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, पण तुमचा दिवस त्यात आहे का ते पोलीस ठाण्यात आधी विचारा. दुसऱ्याच्या भोंग्याबद्दल तक्रार करायची असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

आजारी माणसापाशी

आधी विचारा, मगच प्रार्थना: 'दादा, तुमच्यासाठी एक छोटी प्रार्थना करू का? नको म्हणालात तरी चालेल.' 'नको' आलं तर तेवढंच मोकळं हसून बसून राहा, खुर्ची सोडू नका. 'हो' आलं तर मिनिटभराच्या आत, हळू आवाजात, रोज बोलतो त्या भाषेत. डोक्यावर हात ठेवायचा तर परवानगीने, स्त्री रुग्ण असेल तर नकोच. शेजारच्या खाटेपर्यंत आवाज गेला की ती प्रार्थना उरत नाही, सभा होते.

'तुम्ही नक्की बरे व्हाल' असा शब्द देऊ नका. गोळ्या, इन्सुलिन, डायलिसिस बंद करा असं तुम्ही किंवा तुमच्याबरोबरच्याने सुचवलं तर ते तिथल्या तिथे, रुग्णासमोरच खोडा. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेलं रुग्णालय प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छताखाली ठेवून चाललं, त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. शिवाय महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाखाली फसवणूक करणाऱ्याला आणि साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचार रोखणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो. तो सर्व धर्मांना सारखा लागू आहे.

मृत्यू झाला की स्मशानात जा. विधी चालू असताना बाजूला उभे राहा, लाकडं उचलायला, गाडी आणायला, दाखला काढायला पुढे व्हा. त्या दिवशी स्वर्ग-नरकाबद्दल विचारलं तरी उत्तर टाळा: 'आज नको, मी पुन्हा येईन.' आणि पुन्हा जा.

विचारलं, की काय सांगायचं

प्रश्न बहुधा सरळ येत नाही. 'तुम्हाला राग कसा येत नाही हो?' किंवा 'तुम्ही लाच का दिली नाही, काम लवकर झालं असतं ना?' असा येतो. उत्तर दोन मिनिटांत संपावं. ते आधी लिहून काढा, मोठ्याने म्हणा, मंडळीबाहेरच्या कोणाला तरी ऐकवा आणि त्याला न कळलेले शब्द काढून टाका. 'तारण', 'रक्ताने धुतलेला', 'अभिषेक' हे शब्द बहुतेक तिथेच गळतात.

नमुना असा: 'राग येतो हो, पुष्कळ येतो. पण मी येशूला मानतो. त्याला खिळे ठोकणाऱ्यांसाठीही त्याने क्षमा मागितली. मलाही त्याने क्षमा केली असा माझा विश्वास आहे, म्हणून दुसऱ्याचं धरून ठेवणं मला जमत नाही. रोज जमतं असं नाही.' आणि थांबा. पुढचा प्रश्न त्यांचा. विषय बदलला तर बदलू द्या, चहा घ्या. त्यांच्या देवाशी, संतांशी किंवा बाबासाहेबांशी तुलना करायचा मोह होईल तेव्हा गप्प बसा. अपमानाने कोणी जवळ आल्याचं पाहिलेलं नाही, आणि जाणीवपूर्वक धार्मिक भावना दुखावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हाही आहे.

काही प्रश्न टोचणारे असतात. 'पैसे मिळतात का तुम्हाला?' याला चिडू नका. 'नाही, उलट आम्हीच दशांश देतो' इतकं पुरे. 'हा इंग्रजांचा धर्म' याला उत्तर आहे: फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण मराठी ओवीत १६१६ मध्ये रचून छापलं गेलं, तेव्हा इथे इंग्रजांचं राज्य यायला फार वर्षं होती. पण लगेच पोर्तुगीजांबद्दल विचारलं तर लपवू नका. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये आलं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालं, देवळं पाडली गेली, माणसांवर जुलूम झाला. 'झालं, आणि ते चूकच होतं' म्हणणाऱ्याचं पुढचं बोलणं ऐकलं जातं. चर्चमधल्या जातिभेदाबद्दलही हेच.

वाचायला मागितलं तर संपूर्ण बायबल हातात देऊ नका. मार्कचं शुभवर्तमान सर्वांत छोटं, सोळा अध्यायांचं, दीड-दोन तासांत वाचून होतं. ते मराठीत द्या आणि 'वाचलं का?' असं दर आठवड्याला विचारू नका. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. दोघांत गप्पा झाल्या, गाडी सुटली, माणूस गेला. टिळकांनी आपल्या गतीने वाचलं आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये, आपलं सोवळं-ओवळं स्वतः तपासून सोडल्यावर. एकाच घरात पाच वर्षांचं अंतर पडलं, हे घाई करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

सोशल मीडियाबद्दल थोडक्यात: ऑफिसच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकू नका. नाताळच्या शुभेच्छा टाका, दिवाळीच्या आणि ईदच्याही टाका.

'मला एकदा चर्चला यायचंय' म्हणाले तर

त्यांच्या घरी माहीत आहे का, हे पहिल्यांदा विचारा. चोरून येणं त्यांनाही जड जातं आणि तुम्हालाही. शक्यतो घरच्या कोणाला तरी बरोबर आणायला सांगा.

आदल्या दिवशी चार गोष्टी सांगून ठेवा: उपासना किती वेळ चालते, कधी उभं राहायचं, दानाची पिशवी आली तर काही टाकायची गरज नाही, आणि प्रभूभोजन किंवा ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे जायचं नाही, जागेवर बसून राहायचं. मागच्या तिसऱ्या-चौथ्या बाकावर त्यांच्याशेजारी बसा, गाण्याचं पुस्तक उघडून द्या. पाळकांना आधीच सांगा की उभं करून ओळख करून देऊ नका, टाळ्या नकोत, नाव-नंबर लिहून घेणं नको. उत्साही मंडळी हे सगळं पहिल्याच रविवारी करते आणि माणूस दुसऱ्या रविवारी येत नाही.

बाप्तिस्म्याचा विषय त्यांनी काढला तर वेळ घ्या आणि कायदा उघडपणे सांगा. संविधानाचं कलम २५ धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलं. अनेक राज्यांत धर्मांतराबद्दल वेगळे कायदे आहेत, काहींत आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्या दिवशी लागू असलेला कायदा वकिलाकडून तपासून घ्या. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो जातो. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण ठरू शकतं. नोकरी, शिष्यवृत्ती, संसार यांच्यावर परिणाम करणाऱ्या या गोष्टी त्यांना तुमच्या तोंडून आधी कळायला हव्यात, नंतर तहसील कार्यालयात नव्हे. हे ऐकून ते थांबले तर आठवड्याचे डबे, पार्किंगची खूण आणि नाताळचं ताट पूर्वीसारखंच चालू ठेवा.